पेपरमधली एक ओळ आणि रुबिडियमचे थंड अणू

कोल्ड अ‍ॅटम्सवरचा कुठलाही पेपर उघडा, एक्सपेरिमेंटच्या भागात पहिल्या दोन-तीन वाक्यांत एक ओळ सापडतेच, की रुबिडियम-८७ चे (रुबिडियम या धातूचा एक समस्थानिक) अणू मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅपमध्ये, म्हणजे लेझर आणि चुंबकीय क्षेत्राच्या सापळ्यात, गोळा करून थंड केले. बस, एवढंच. पुढे लगेच खरा विषय सुरू. एमएस्सीला असताना ही ओळ मी कितीतरी पेपरमध्ये वाचली होती. मग पुण्यात एका संशोधन संस्थेत जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून लागले आणि सरांनी सांगितलं की नवा सेटअप उभा करायचाय, रिकाम्या टेबलापासून, तेव्हा त्या एका ओळीच्या आत काय काय भरलेलं असतं ते स्वतःच्या हातांनी बघायला मिळालं. हे सगळं लिहून ठेवावंसं वाटतंय कारण माझ्यानंतर येणाऱ्या मुलामुलींना ते एका जागी कुठेच मिळत नाही, मराठीत तर नाहीच, सिनियरच्या तोंडून जेवढं ऐकाल तेवढंच तुमचं.

आधी करायचं काय असतं ते थोडक्यात सांगते. अणू थंड करायचे म्हणजे त्यांचा वेग कमी करायचा. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने पळत असतो. त्याच्यावर समोरून ७८० नॅनोमीटरचा लेझर टाकला आणि त्याने एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, शोषला तर त्याचा वेग कमी होतो किती, तर सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटर. म्हणजे थांबवायला पन्नासेक हजार फोटॉन लागले. ऐकून वाटतं हे कधी व्हायचं, पण फोटॉन शोषून अणू ऊर्जेच्या वरच्या लेव्हलला जातो तिथे फक्त २६ नॅनोसेकंद टिकतो, फोटॉन कुठल्याही दिशेला सोडून खाली येतो आणि पुढच्यासाठी तयार, त्यामुळे सेकंदाला कोटीभर फोटॉन सहज होतात आणि अणूला लागणारा ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट निघतो. हा आकडा मी वहीत पहिल्यांदा स्वतः काढला तेव्हा दहाचा घात चुकला असेल म्हणून परत काढला, तेवढाच आला.

आता ब्रेक फक्त पळणाऱ्यालाच लागला पाहिजे, थांबलेल्याला नाही. त्यासाठी लेझरची फ्रिक्वेन्सी अणू ज्या फ्रिक्वेन्सीचा प्रकाश शोषतो तिच्यापेक्षा किंचित कमी ठेवायची, म्हणजे बीमच्या समोरून येणाऱ्या अणूला डॉप्लर परिणामामुळे (जवळ येणाऱ्याला फ्रिक्वेन्सी वाढलेली भासते) ती बरोबर जुळते आणि लांब जाणाऱ्याला जुळत नाही. ही आयडिया हान्श आणि शॉलो या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडली. १९८५ मध्ये स्टीव्हन च्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सोडियमवर सहा बाजूंनी बीम टाकून ती करून दाखवली. पण नुसते बीम असले तर अणू मंद होतात पण एका जागी गोळा होत नाहीत, हळूहळू बाहेर झिरपतात. त्यावर फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ दालिबार यांनी सुचवलं की उलटसुलट करंट असलेल्या दोन कॉइल लावा आणि बीम सर्क्युलर पोलराइज्ड करा (म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा गोल फिरती ठेवा), मग मध्यापासून लांब गेलेल्या अणूला मध्याकडे ढकलणारा बीम जास्त लागेल. १९८७ मध्ये ते चाललं, आणि त्यालाच आपण एमओटी (मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप) म्हणतो. लेझर कूलिंगचं नोबेल १९९७ मध्ये च्यू, कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना मिळालं.

थिअरी म्हणून हे एका दुपारी समजतं. लॅबमध्ये मात्र सुरुवात होते ती स्टीलपासून.

व्हॅक्यूम चेंबर म्हणजे खूप खिडक्या असलेला स्टीलचा गोळा. आतल्या हवेचे रेणू थंड झालेल्या अणूला येऊन धडकले की तो ट्रॅपमधून उडालाच, म्हणून प्रेशर १० चा उणे ९ वा घात टॉर (दाबाचं एकक) इथपर्यंत तरी खाली न्यायचं असतं. प्रत्येक भाग आधी अ‍ॅसिटोनमध्ये मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवायचा, नंतर ग्लव्हजशिवाय हात लावायचा नाही, कारण बोटाच्या ठशातलं तेल महिनोन्महिने वाफ सोडत बसतं. जोड सगळे धातूचे, रबर नाही. जोडायच्या दोन फ्लँजना (नळ्यांच्या तोंडावरच्या जाड कड्यांना) आतून धारदार कडा असते, मध्ये तांब्याचं गॅस्केट ठेवतात, बोल्ट आवळले की ती धार तांब्यात रुतते आणि सील होतं. बोल्ट गाडीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे आवळायचे, एकाच फेरीत पूर्ण नाही, थोडं थोडं, सगळ्यांवरून परत परत पाना फिरवत. आमच्या सिनियरचं एक वाक्य मला पाठ झालंय, "घाई असेल तर चहा पिऊन ये, पाना खाली ठेव." ती गॅस्केट आवळताना बोलायची नाही, आम्हालाही बोलू द्यायची नाही.

सगळं जोडून पंप लावला आणि प्रेशर एका जागी येऊन अडकलं. आधी वाटतं की पाणी आहे, भिंतींना चिकटलेलं, निघेल हळूहळू. पण पाणी असेल तर प्रेशर रोज थोडं तरी उतरतं, लीक असेल तर जिथे आहे तिथेच बसतं. हा फरक ओळखायला शिकणं हेच त्या आठवड्याचं काम होतं. मग हीलियमची बारीक नळी घेऊन एकेका जोडावर फुंकायची आणि डिटेक्टरकडे बघत राहायचं. हीलियम हलका, वर चढतो, म्हणून वरून सुरुवात करायची आणि खाली यायचं, नाहीतर खालच्या जोडावर मारलेला वरच्या लीकमधून आत जातो आणि तुम्ही भलतंच गॅस्केट बदलता. एका बाजूच्या फ्लँजवर आकडा उडी मारून वर गेला. उघडून टॉर्च तिरकी धरली तर धारेवर केसाएवढा आडवा ओरखडा, भाग आला तेव्हापासूनचाच. तो भाग परत गेला, नवीन आला, तोपर्यंत चेंबर फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला.

त्यानंतर बेकिंग. पूर्ण चेंबरला हीटिंग टेप गुंडाळायची, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे थर, जागोजागी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा), आणि तापमान हळू हळू १५० अंशांपर्यंत न्यायचं. काच आणि स्टील वेगवेगळं प्रसरण पावतात म्हणून घाईने तापवलं तर खिडकीला तडा जातो. दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पस रिकामा आणि आम्ही पाळीपाळीने येऊन आकडे लिहून जायचो. आधी प्रेशर वाढतं, कारण पाणी सुटायला लागतं, बघून पोटात गोळा येतो, मग एका टप्प्यावरून ते उतरायला लागतं. थंड करून आयन पंप सुरू केल्यावर त्याच्या करंटचा आकडा, म्हणजेच आतलं प्रेशर, खाली खाली जाताना बघणं ही मला आजही लॅबमधली सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते, लेझरपेक्षाही.

आता लेझर. ७८० म्हणजे दिसण्याच्या अगदी कडेला, लालसर मंद ठिपका दिसतो, आणि तेच धोक्याचं आहे, कारण डोळ्याला तो अंधुक वाटतो, आपण डोळे मिटत नाही आणि रेटिना जळू शकतो. म्हणून गॉगल कायम, बांगड्या अंगठी घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये, आणि टेबलवरून काही खाली पडलं तर डोळे बीमच्या उंचीवरून नेत वाकायचं नाही, आधी मान वळवायची मग बसायचं. बीम बघायला आयआर कार्ड नाहीतर साधा सीसीटीव्ही कॅमेरा, त्याला हा प्रकाश चांगला दिसतो.

लेझर डायोडसमोर ग्रेटिंग (बारीक रेघा असलेला आरसा) लावून त्याचा रंग बारीक करतात, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद करतात. करंट आणि पिएझो (ग्रेटिंग किंचित हलवणारा स्फटिक) यांचे नॉब फिरवत फिरवत रुबिडियमच्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचा. टेबलवर काचेची एक छोटी नळी असते, आत रुबिडियमचा कण आणि त्याची वाफ. रुबिडियम ३९ अंशांनाच वितळतो, चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीत ठेवलेल्या नळीतला कणसुद्धा पातळ होईल, आणि वाफही साध्या खोलीत पुरेशी असते. लेझर बरोबर जागेवर आला की त्या नळीत एकदम उजेडाची रेघ पेटते, मॉनिटरवर स्वच्छ दिसते, आणि जरा इकडे तिकडे झालं की विझते. एका इलेक्ट्रॉनच्या दोन लेव्हलमधलं अंतर, जे पुस्तकात बाणाने दाखवतात, ते इथे नॉबच्या केसभर फिरण्यावर पेटतं-विझतं. मी कराडला बीएस्सीला असताना हायड्रोजनच्या लेव्हल पाठ केल्या होत्या. त्या खऱ्या असतात हे मला तेव्हाही माहीत होतं, पण ती रेघ पेटलेली बघितल्यावर त्या माझ्या झाल्या.

पण नुसती रेघ पेटून भागत नाही. वाफेतले अणू सगळ्या वेगांनी पळत असल्यामुळे स्कोपवर (सिग्नलचा ग्राफ दाखवणाऱ्या पडद्यावर) शोषणाचा जो खड्डा दिसतो तो ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास रुंद, आणि अणूची स्वतःची रेषा, म्हणजे तो शोषतो त्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा, फक्त ६ मेगाहर्ट्झ. म्हणून तोच बीम उलट्या दिशेनेही पाठवायचा, मग जे अणू बीमच्या दिशेने अजिबात हलत नाहीत तेच दोन्ही बीमना एकदम दिसतात, आणि रुंद खड्ड्यात बारीक बारीक टोकं उगवतात. रुबिडियम-८७ च्या टोकांमध्ये गंमत अशी की खऱ्या रेषांपेक्षा दोन रेषांच्या बरोबर मधली टोकं मोठी असतात, त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. आम्ही तशाच एका क्रॉसओव्हरवर लेझर लॉक केला, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी तिथे बांधून ठेवली, तो हव्या त्या रेषेपासून १३३ मेगाहर्ट्झ खाली असतो, आणि उरलेलं अंतर एओएमने भरून काढलं. एओएम म्हणजे क्रिस्टलमध्ये आवाजाची लाट सोडायची आणि प्रकाश त्यावरून वळवायचा, वळताना त्याची फ्रिक्वेन्सी तेवढीच सरकते. शेवटी लेझर रेषेच्या खाली, तिच्या रुंदीच्या दोन-अडीच पट अंतरावर बसला की झालं.

लॉकचं सांगायचं तर तो टिकणं हीच खरी परीक्षा. दार आपटलं, तुटला. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, फ्रिक्वेन्सी हलली. पावसाळ्यात वेगळंच, डायोड १८ अंशांना ठेवलेला आणि बाहेरच्या दमट हवेत दवबिंदू त्याच्या वर, म्हणजे डायोडवर चक्क पाणी धरायची भीती. मग डब्याला नीट सील, आत सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या, आणि डायोड थोड्या जास्त तापमानाला चालवायचा. परदेशातल्या थीसिसमध्ये हे प्रकरण फारसं भेटत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर लेझर चालवायचा तर हे पहिल्या पानावर पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा एक लेझर लागतोच, रिपंप. कूलिंगचा लेझर अणूला खालच्या एफ २ या उपपातळीवरून वरच्या एफ ३ ला नेतो आणि तो तिथून परत एफ २ लाच येतो, हे चक्र कितीही वेळ चालावं अशी अपेक्षा. पण हजारो फोटॉनांमागे एखाद्या वेळी अणू चुकून वरच्या एफ २ ला जातो आणि तिथून खाली एफ १ मध्ये पडतो, आणि एफ १ हे एफ २ पासून ६.८ गिगाहर्ट्झ लांब, तिथल्या अणूला आपला लेझर दिसतच नाही. सेकंदाला कोटीभर फोटॉन म्हटल्यावर सगळे अणू मिलिसेकंदाच्या आसपास अंधारात. त्यांना परत वर आणायला रिपंप. पॉवर थोडीच लागते पण तो नसेल तर ट्रॅप नाही, इतकं ते सरळ आहे.

कॉइल्स आम्ही बाहेरून करून घेतल्या नाहीत. माझ्या मामाचं इचलकरंजीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मागांच्या मोटरी जळून येतात त्या तो परत भरतो. त्याला फोन केला तर पहिला प्रश्न, "गेज कुठला आणि किती टर्न?" मी म्हटलं १६ गेज, शंभर टर्न, गोल, दोन अगदी सारख्या पाहिजेत. तो म्हणाला, "सारख्या पाहिजेत तर एकाच फर्म्यावर एकाच माणसाने एकाच दिवशी भरायच्या, मध्ये उठायचं नाही." सुट्टीला गेले तेव्हा त्याने लाकडाचा फर्मा करून ठेवला होता. तार हाताच्या पंजातून फडक्यात धरून सोडायची, ताण सारखा, एक टर्न दुसऱ्याला चिकटून, थर संपला की कागद, वर वार्निश. "अगं, तार मुरगळली की इनॅमल सुटतं, मग टर्नला टर्न शॉर्ट, मीटरवर कळणारही नाही," म्हणाला. पुण्यात येऊन गॉस मीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) लावला, पाच अँपिअरला मध्यावर शून्य आणि दोन्ही बाजूंना सेंटिमीटरला १० गॉसच्या आसपास, दोन्ही कॉइल एकसारख्या. सरांनी ग्राफ बघून विचारलं कुठून करून घेतल्या, मी सांगितलं, आणि त्यांनी लॉगबुकात मामाचं वाक्य लिहून ठेवायला लावलं. भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये असलं ज्ञान रोज लागतं आणि ते इचलकरंजीतल्या दुकानात आपल्या शंभर पेपरांपेक्षा जास्त आहे, हे मी मनापासून लिहितेय.

मग सहा बीम. खरं तर तीनच, प्रत्येक बीम पलीकडच्या आरशावरून परत फिरवायचा. प्रत्येकाच्या वाटेत क्वार्टर वेव्हप्लेट (बीम सर्क्युलर पोलराइज्ड करणारी काच), बीम दीड-दोन सेंटिमीटर रुंद, तिन्ही चेंबरच्या मध्यावर एकमेकांना छेदले पाहिजेत आणि परतीचा बीम आल्या वाटेनेच गेला पाहिजे. ते बघायला बीमवर पिनहोल ठेवायचं आणि परतीचा ठिपका पिनहोलवरच पडतोय का बघायचं. दोन मिरर, चार नॉब, एक फिरवला की दुसरा बिघडतो, पण हाताला एकदा लय सापडली की होतं. रुबिडियमचा डिस्पेन्सर म्हणजे चेंबरच्या आत बसवलेली धातूची बारीक पट्टी, तिच्यातून काही अँपिअर करंट सोडला की तापून रुबिडियम सोडते. कॅमेऱ्यात चेंबरच्या आत बीमच्या वाटा धूसर उजळल्या. म्हणजे वाफ आहे, लेझर जागेवर आहे.

आणि मध्यावर ढग नाही.

इथे बरीच मुलं खचतात असं सिनियर सांगायची, आणि मी आता सांगू शकते की खचायचं काही कारण नसतं, कारण न दिसण्याची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येक वेगळं तपासता येतं. पहिलं, कॉइलमधल्या करंटची दिशा. ती आणि पोलरायझेशनची दिशा जुळली पाहिजे, आधी सांगता येत नाही, सरळ वायरी उलट्या करून बघायच्या. दुसरं, लेझर रेषेच्या खाली आहे की वर, वर असेल तर तो अणू तापवतो. तिसरं, रिपंप खरंच त्याच रेषेवर आहे का, रुबिडियम-८५ या दुसऱ्या समस्थानिकाच्या रेषाही शेजारीच असतात. चौथं, तिन्ही अक्षांचं पोलरायझेशन. आमचं अडलं होतं चौथ्यात. एका वेव्हप्लेटच्या माउंटवर जी खूण छापून आली होती ती आणि काचेचा खरा अक्ष यांत मोठा फरक होता, त्यामुळे तो बीम सर्क्युलर नसून जवळपास सरळ पोलराइज्डच राहिला होता. हे सापडलं कारण सिनियर म्हणाली, "खुणेवर जाऊ नकोस, पोलरायझर धर आणि मोज." पोलरायझर फिरवला की सर्क्युलर बीमची पॉवर बदलत नाही, इथे ती पार शून्याजवळ जाऊन येत होती. प्लेट फिरवली, पॉवर स्थिर झाली तिथे घट्ट केली, बीम परत चेंबरमध्ये सोडला.

मॉनिटरवर मध्यभागी एक पांढरा ठिपका होता. मोहरीएवढा, कडा मऊ, बारीक थरथरणारा. सिनियरने काही न बोलता कॉइलचा स्विच बंद केला, ठिपका गेला, सुरू केला, आला. मग रिपंपसमोर कार्ड धरलं, गेला, काढलं, आला. मग कपाटातलं एक लोहचुंबक आणून चेंबरजवळ नेलं तसा तो चुंबकासरशी सरकला. या तीन गोष्टी झाल्याशिवाय ती कुणाला एमओटी म्हणू देत नाही, कारण खिडकीवरचं रिफ्लेक्शनसुद्धा असंच चमकतं. मी आईला फोन केला आणि सांगितलं की काही कोटी अणू एका जागी धरलेत आणि ते साध्या कॅमेऱ्यात दिसतायत. ती म्हणाली, "मग दाखव की," आणि मी व्हिडिओ कॉल करून मॉनिटर दाखवला.

यानंतर थिअरीचा भाग येतो आणि मला तो अतिशय आवडतो. ढग दिसला, पण थंड किती? थर्मामीटर लावता येत नाही. मग लेझर आणि कॉइल एकदम बंद करायच्या, ढग मोकळा सोडायचा, काही मिलिसेकंदांनी प्रकाशाचा एक झटका देऊन फोटो काढायचा. प्रत्येक वेळी नवीन ढग, प्रत्येक वेळी थोडा जास्त उशीर. गरम असेल तर भरभर पसरतो, थंड असेल तर हळू. रुंदीचा वर्ग आणि वेळेचा वर्ग यांचा ग्राफ काढला की सरळ रेषा येते आणि तिच्या चढावरून तापमान. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन हे कळायची एक सुंदर युक्ती आहे. ढग पसरतो तसा पडतोही, आणि किती पडणार हे आपल्याला नववीपासून माहीत आहे, १० मिलिसेकंदांत अर्धा मिलिमीटर, २० मध्ये जवळपास दोन. फोटोत ढगाचा मध्य किती पिक्सेल खाली आला ते मोजलं की झालं कॅलिब्रेशन. न्यूटनचा नियम वापरून आपण क्वांटमच्या प्रयोगाची पट्टी आखतो.

आमचं तापमान आलं २०० मायक्रोकेल्विनच्या आसपास (एक मायक्रोकेल्विन म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा दहा लाखावा भाग). म्हणजे एका दिशेतला वेग सेकंदाला १४ सेंटिमीटर, जे सुरुवातीला ३०० मीटर होते त्यांचा. थिअरी करणारी माझी बॅचमेट वरच्या मजल्यावर बसते, तिला ग्राफ दाखवला तर तिने आधी चूकपट्ट्या (एरर बार) बघितल्या आणि मग विचारलं, "मोलॅसिस केलंस का? कॉइल बंद करून, लेझर अजून खाली नेऊन?" कारण साध्या थिअरीप्रमाणे, म्हणजे अणूला दोनच लेव्हल आहेत असं धरलं तर रुबिडियम १४६ मायक्रोकेल्विनच्या खाली जाऊच शकत नाही, त्याला डॉप्लर लिमिट म्हणतात. पण १९८८ मध्ये फिलिप्स यांच्या ग्रुपला सोडियम ४० मायक्रोकेल्विनला सापडला, जिथे लिमिट २४० होती. प्रयोग थिअरीपेक्षा चांगला निघाला, असं फार क्वचित होतं. त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून खात्री केली, आणि मग दालिबार व कोहेन-तानुजी यांनी पॅरिसमध्ये आणि च्यू यांच्या ग्रुपनेही कारण शोधलं. अणूला खालच्याच पातळीत अनेक उपपातळ्या असतात, बीम एकमेकांना छेदतात तिथे पोलरायझेशन जागोजाग बदलतं, आणि अणू सतत ऊर्जेची चढण चढतो आणि वर पोचला की खालच्या पातळीत टाकला जातो, परत चढतो. प्रत्येक चढणीला थोडी ऊर्जा गमावतो.

हे करून बघायचं तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं येतं, साधारण ०.४ गॉस, एमओटीला त्याचं काही वाटत नाही पण मोलॅसिसला ते फार झालं. म्हणून तीन दिशांना आणखी तीन जोड्या कॉइल, बारीक करंट, आणि ढग सोडल्यावर तो कुठल्या एका बाजूला वाहत न जाता सगळीकडे सारखा विरघळेल असं हळूहळू जुळवायचं. बॅचमेट तिच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये सिम्युलेशन घेऊन शेजारी बसली होती, मी करंट सांगायचे, ती वक्र सांगायची. रात्री उशिरा, इमारतीतली लिफ्ट थांबल्यावर आकडे जास्त स्थिर येतात, म्हणून आम्ही तेव्हाच मोजायचो. रेषेचा चढ उतरत गेला आणि तापमान ४० मायक्रोकेल्विनच्या जवळ आलं. तिने तिच्या वहीत डॉप्लर लिमिटची आडवी रेघ मारली आणि आमचे बिंदू तिच्या खाली मांडले. थिअरी आणि प्रयोग हे वेगळे मजले आहेत असं आपल्याकडे जे समजतात ना, ते त्या टेबलाशी बसून कुणी म्हणणार नाही.

सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना पेपर पाठवला १९२४ मध्ये, आणि त्यातून निघालेलं बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, म्हणजे अणूंनी एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होणं, रुबिडियममध्येच कॉर्नेल आणि वीमन यांच्या ग्रुपने १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला करून दाखवलं, १७० नॅनोकेल्विनच्या आसपास. आमचे ४० मायक्रोकेल्विन म्हणजे अजून त्याच्या दोनशे-अडीचशे पट गरम, शिवाय घनताही खूप वाढवावी लागते. पुढची पायरी डायपोल ट्रॅप, १०६४ नॅनोमीटरच्या जोरदार लेझरने अणू एका बारीक फोकसमध्ये धरायचे आणि त्याची पॉवर उतरवत नेत गरम अणू बाहेर सांडू द्यायचे. तो लेझर आलाय. त्याला वेगळे गॉगल लागतात, ७८० वाले चालत नाहीत, ते सगळ्यांसाठी मागवलेत. आता टेबलचा नकाशा परत काढणं चाललंय, कारण सहा बीम, कॅमेरा आणि पंप यांतून चेंबरच्या दोनच खिडक्या रिकाम्या उरतात, त्यातली एक इमेजिंगला हवीच आणि दुसरीच्या समोर नेमकी मामाने भरलेल्या कॉइलची एक कडा येते.